सोफ्याचा संयत अभिनय

मास्तरने मला फसवले. एकदा. दुसऱ्यांदाही त्यानेच फसवले असे मी चार वर्षे धरून चाललो होतो आणि भेटेल त्याला सांगत होतो. ती दुसरी फसवणूक त्याची नव्हती, हे मला गेल्या महिन्यात कळले. कोणाची होती ते शेवटी सांगतो, कारण तो गृहस्थ हे वाचणार आहे आणि त्याने पहिल्याच पानावर अंक मिटावा अशी माझी इच्छा नाही.

मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हता. अंधेरीच्या रेशनिंग ऑफिसात कारकून होता आणि दर शुक्रवारी निघणाऱ्या एका मराठी साप्ताहिकात हिंदी सिनेमाची परीक्षणे लिहीत असे. बाकीचे समीक्षक सिनेमाला तारे देत. हा शंभरपैकी मार्क देई. पास व्हायला पस्तीस. बहुतेक सिनेमांना तो चौतीस देई.

मी एकदा विचारले, "एका मार्काने कशाला मारतोस रे?"

"वीस दिले तर निर्माता म्हणतो, याला सिनेमा कळत नाही. चौतीस दिले की तो आठवडाभर शोधत बसतो, एक मार्क कुठे गेला."

म्हणून स्टुडिओतली सगळी मराठी मंडळी, सुतार, रंगारी, लाइटवाले, त्याला मास्तर म्हणत. शुक्रवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्याचे पान मोठ्याने वाचले जाई. ज्याच्या सेटवर ही मंडळी काम करत बसलेली असत, त्याच निर्मात्याला त्या पानात चौतीस मिळालेले असत. मराठी न येणारा निर्माता लांबून बघून खूश होई, की कामगार काहीतरी वाचून आनंदात आहेत.

आता माझे. मी सेटवर लागणारे सामान भाड्याने देतो. सोफे, झुंबरे, टेलिफोन, भिंतीवरची वाघाची मुंडकी. वडील गिरणीत, गाव कोकणात, घर एका खोलीचे. हमाल म्हणून सेटवर शिरलो तेव्हा मिसरूड फुटले नव्हते. पुढे गोरेगाव पूर्वेला स्टुडिओच्या मागच्या गल्लीत पत्र्याचे गोडाऊन घेतले आणि माझ्या मालकीची पहिली वस्तू त्यात आणून ठेवली. तो सोफा. मरून मखमल, सोनेरी पाय, पाठीवर कोरलेला मोर. जुहूच्या एका बंगल्याचे सामान निघाले तेव्हा तीन दिवस तिथल्या म्हाताऱ्या नोकराशी घासाघीस करून तो मिळवला होता. चौथ्या दिवशी नोकर म्हणाला, "घेऊन जा बाबा, पण तोंड दाखवू नकोस." तो सोफा म्हणजे माझा धंदा होता. हिंदी सिनेमातल्या करोडपतीला बसायला काहीतरी लागते, आणि त्या काळात तो माझ्याकडे बसत असे.

मास्तरची आणि माझी ओळख अंधारात झाली. मलाड स्टेशनजवळच्या थिएटरात, शुक्रवारी, मॅटिनीला, पुढून तिसऱ्या रांगेत. माझ्या मालाचा प्रत्येक सिनेमा मी पहिल्या दिवशी पाहत असे. हौस म्हणून नाही. शूटिंगवर सोफा दिला की मी तिथे बसून राहू शकत नाही, आणि निर्माते सांगतात एक नि करतात भलतेच. सोफा 'बसण्यासाठी' म्हणून दिलेला असतो आणि पडद्यावर बघावे तर त्याच्यावर मारामारी चाललेली. मारामारीचे भाडे वेगळे. म्हणून मी वही घेऊन बसे आणि कोण बसला, कोण पडला, कोणी बूट ठेवला, ते लिहून घेई. त्या दिवशी दोन खुर्च्या सोडून आणखी एक माणूस वहीत लिहीत होता. तो माझ्याकडे बघे, मी त्याच्याकडे. मला वाटले, दुसरा कोणी सामानवाला माझ्या मालावर डोळा ठेवून आहे.

मध्यंतरात तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बारीक, उंच, हातात छत्री. बाहेर कडक ऊन.

"कोणत्या पेपरचे तुम्ही?"

"पेपरचा नाही."

"मग अंधारात काय खरडताय? तिसऱ्या रांगेत बसून लिहिणारा मुंबईत मी एकटा आहे."

"तो सोफा माझा आहे," मी म्हणालो.

"कोणता? बाप हृदयविकाराने पडतो तो?"

"तोच. बसण्यासाठी दिला होता. पडण्याचे ठरले नव्हते. मघाशी हिरोने त्या जाड्याला त्याच्यावर फेकला, तेही ठरले नव्हते."

"मग आता?"

"सोमवारी निर्मात्याच्या ऑफिसात जाणार. सीन बाय सीन."

त्याने वही मिटली. "या सिनेमात आत्तापर्यंत भेटलेले तुम्ही पहिले," तो म्हणाला, "ज्यांच्या वागण्याला काही कारण आहे."

तेव्हापासून तो रविवारी सकाळी माझ्या गोडाऊनवर येऊ लागला. चहा माझा, खारी त्याची. खारी तो स्वतः आणी, कारण फुकट खाल्ले की लिहिताना हात जड होतो असे त्याचे मत होते. निर्माते समीक्षकांसाठी जे खास खेळ ठेवतात, तिथे तो कधी गेला नाही. "तिथे समोसा देतात," तो सांगे. "तो पोटात असताना खरे लिहायचे म्हणजे अॅसिडिटी." तो स्वतःचे तिकीट काढून मॅटिनीला जाई. गाणे लागले की चपला काढून झोपे आणि गाणे संपले की जागा होई. कसा, ते मी विचारले होते. म्हणाला, "पंखा बंद झाला की कारकून जागा होतो, तसा."

गोडाऊनमध्ये गाद्याखुर्च्यांचा ढीग असे, पण तो उपड्या केलेल्या रंगाच्या डब्यावर बसे. सोफ्यावर बस म्हटले की म्हणे, "नको. त्याच्यावर बसलेला एकही माणूस न रडता उठलेला मी पाहिला नाही."

एका सिनेमाबद्दल त्याने लिहिले होते, यात आई आंधळी आहे आणि दिग्दर्शकही. शेवटी आईला दिसू लागते. दुसऱ्या एकाबद्दल लिहिले की नायक बी.ए.ला पहिल्या वर्गात पहिला आला आहे आणि त्याचे वय बघता आनंद झाला की निकाल एकदाचा लागला. खलनायकाच्या अड्ड्यावर भिंतभर लाल दिवे लुकलुकत होते, तर याने संपूर्ण परीक्षणात कथा, अभिनय, संगीत सोडून एकच प्रश्न विचारला, की विजेचे मीटर कोणाच्या नावावर आहे. तस्करीच्या पेटीतल्या सोन्याऐवजी ते नाव सापडले असते तर पोलीस शेवटच्या रिळापर्यंत थांबले नसते, असे त्याचे म्हणणे होते. पोलिसांबद्दल त्याला फार प्रेम. "ते वेळेवर येतात," तो म्हणे. "सिनेमा संपायच्या वेळेवर."

त्याची आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. तो काहीही लिहिताना खाली कार्बन घाली. परीक्षण, बायकोला दिलेली भाजीची यादी, दूधवाल्याची तक्रार, सगळ्याची निळी प्रत त्याच्याकडे असे. आणि कोणाच्या हातात कागद दिला की आपल्या प्रतीवर त्याची सही घेई. त्याला तो पोच म्हणे. "पोच नाही तर कागद दिलाच नाही," हे त्याचे वाक्य. सरकारी नोकरीने दुसरे काही शिकवले नाही, असेही वर म्हणे. मी एकदा त्याची छत्री मागून घेतली तर माझ्याकडून छत्रीची पोच घेतली.

मी अशा माणसाला धंद्यातल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. संगमरवर म्हणजे प्लायवूडवर रंग. कपाटातली पुस्तके म्हणजे नुसत्या पाठी. वाघाच्या मुंडक्याला एक कान नाही, म्हणून वाघ कायम डावीकडून दिसतो. आणि तो मोठा गोल जिना वर कुठेच जात नाही. वरच्या पायरीच्या मागे बांबूची शिडी असते. हिरॉइनबाई आधी त्या शिडीने गाऊन सावरत चढतात, वर फळीवर बसलेला माझा हमाल त्यांना हात देतो, आणि मग त्या गाऊन उडवत उतरतात.

हे ऐकून त्याने हातातली खारी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे आपल्या सिनेमात श्रीमंत फक्त उतरतात. चढायचे असते ते मागच्या बाजूने, शिडीने."

मला तेव्हाच शंका आली की हा हे कुठेतरी लिहिणार. मी म्हटले, "मास्तर, एक ठरवू. तू लिहिशील आणि माझा धंदा बसेल. माझ्या मालाबद्दल वाईट एक अक्षर लिहायचे नाही."

"मान्य."

"आणि माझे नाव कुठेही येता कामा नये. निर्मात्यांना कळले की मी तुझ्याशी बोलतो, तर मला गेटवर उभे करणार नाहीत."

"नाव नाही. नक्की? नीट विचार कर."

"विचार कसला करायचा? नाव नाही म्हणजे नाही."

त्याने रॉकेलच्या अर्जाच्या मागच्या बाजूला दोन अटी लिहिल्या, खाली 'उभयपक्षी मान्य' असे लिहिले, खाली कार्बन होताच, आणि माझी सही घेतली. मला वाटले मी सौदा जिंकला. सौद्यात समोरचा माणूस लगेच 'मान्य' म्हणाला की दचकायचे असते, हे मी वीस वर्षे हमालांना शिकवत आलो आणि स्वतः विसरलो.

पुढच्या महिन्यात त्याचे परीक्षण आले. मी ते पाठ केले आहे, करावेच लागले. 'या चित्रपटात एकाच कलाकाराचा अभिनय संयत आहे,' त्याने लिहिले होते, 'दिवाणखान्यातील मरून सोफ्याचा. अंगावर कोणी बसो, रडो वा मरो, तो तसूभर ढळत नाही. भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्या नायकाने त्याच्याकडून शिकावे. या वर्षातील ही त्याची सहावी भूमिका. सहाही वेळा तो श्रीमंत आहे आणि सहाही वेळा त्याने आपली श्रीमंती आपल्याजवळ ठेवली.' चित्रपटाला चौतीस मार्क. सोफ्याला वेगळे, चाळीस.

वाईट एक अक्षर नाही. नाव नाही.

त्यानंतर तो थांबला नाही. सोफा ज्या सिनेमात असेल, त्यात सोफ्याला मार्क. एकदा 'सोफा या वेळी थोडा कमी पडला, पण दोष दिग्दर्शकाचा, त्याला कोपऱ्यात ठेवले,' असे. वाचकांची पत्रे येऊ लागली, की अमुक सिनेमात तुम्ही सोफा ओळखला नाही, तो दुसऱ्या रिळात पाठमोरा आहे. आणि मग व्हायचे तेच झाले. मुलुंडच्या थिएटरात मी स्वतः पाहिले. पडद्यावर आई मरत होती. पोरगा लांब शहरात, पत्र हातात, व्हायोलिन चाललेले. आई माझ्या सोफ्यावर कोसळली, आणि बाल्कनीतून कोणीतरी ओरडले, "सांभाळ रे मरून शेठ." सगळे थिएटर शिट्ट्यांनी भरले. आईच्या मरणाला त्या सिनेमात टाळ्या पडल्या आणि त्या माझ्या सोफ्याला होत्या.

निर्मात्याने मला बोलावून घेतले. "तेरा सोफा हीरो से ज़्यादा सीटी खाता है," तो म्हणाला. "उठा ले जा."

मी सोफा घेऊन आलो आणि तसाच रेशनिंग ऑफिसात गेलो. समोरच्या जाळीमागे मास्तर बसला होता. मी सरळ खिडकीवर गेलो.

"रांगेत या," तो म्हणाला.

"मास्तर, तू मला—"

"रांगेत या. लोक सकाळपासून उभे आहेत."

मी चाळीस मिनिटे रांगेत उभा राहिलो. राग घेऊन रांगेत उभे राहणे किती कठीण असते ते ज्याने केले त्यालाच कळेल. पुढच्या बाईंचे कार्ड हरवले होते, त्यांचे ऐकून मला दया यायला लागली, ती मी दाबून टाकली. शेवटी खिडकी आली.

"माझा धंदा बुडवलास."

त्याने खणातून निळा कागद काढला. "अट एक. मालाबद्दल वाईट लिहिणार नाही. लिहिले का?"

"नाही, पण—"

"अट दोन. मालकाचे नाव घेणार नाही. घेतले का?"

"लोक हसतात माझ्या सोफ्याला."

"ते सिनेमाला हसतात. तो बिचारा तिथे असतो एवढेच. पुढचा."

मागचे म्हातारे गृहस्थ पुढे सरकले आणि मला म्हणाले, "सोफेवाले तुम्हीच का? आमच्याकडे सगळे बघतात हो. गेल्या खेपेला छान बसला होता." कार्ड हरवलेल्या बाई पुन्हा आल्या, म्हणाल्या, "एवढ्याशा लाकडाने नाव काढलं हो तुमचं." नाव. माझे नाव कोणालाच माहीत नव्हते. सोफ्याचे झाले होते. मी जाळीवर हात आपटला तर आतून शिपाई आला आणि मला बाहेर नेऊन पाणी दिले.

मी सोफ्याला बाटलीच्या हिरव्या रंगाची मखमल चढवली. सोनेरी पाय काळे केले. मोर मात्र तासता येईना, त्याच्यावर झालर लावली. दीड महिन्याने मास्तरने लिहिले, 'एक ज्येष्ठ कलाकार हिरव्या पोशाखात पुनरागमन करीत आहे. पोशाख बदलला, तरी बसण्याची लकब तीच.' सोफा पडद्यावरून कायमचा गेला. मी पुढे घाटकोपर-मुलुंडच्या लग्नाच्या हॉलांना स्टेज लावायचे काम धरले. नवरा-नवरी सोफ्यावर बसत. त्यात धंदा वाईट झाला नाही, उलट बराच झाला, पण हे मी मास्तरला कधी सांगितले नाही आणि आत्ताही सांगितले नसते.

तो रविवारी यायचा थांबला नाही, हे विशेष. खारी घेऊन यायचा, डब्यावर बसायचा. मी बोलायचो नाही. तो एकटाच बोलायचा. तीन रविवारांनी मला चहा ठेवावा लागला.

आता वडिलांचे. माझे वडील सिनेमाची पाटी वाचायला सिनेमाला जात. सुरुवातीची नावे, सगळी, शेवटच्या सहाय्यकापर्यंत. गिरणीत रात्रशाळेत वाचायला शिकले होते, त्यामुळे अक्षर दिसले की सोडत नसत. मी सिनेमाच्या धंद्यात आहे हे त्यांना कोणी सांगितले तरी पटत नसे.

"मिया सगळी नावा वाचलंय," घरी आल्यावर म्हणत. "तुजा खंय दिसाक नाय."

"बाबा, सामानवाल्याचे नाव देत नाहीत."

"च्यावाल्याचा देतत मरे. तुजा कित्याक नाय?"

गिरणी बंद पडली तसे ते खचले. मग साखरेने डोळे कमी होत गेले. डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने वाचता येईल, ठळक असेल तर. तेव्हा मी मास्तरला म्हटले. मी कोणाकडे काही मागत नाही. घासाघीस करतो, मागत नाही. त्या रविवारी मागितले.

"अट दोन रद्द कर," मी म्हणालो. "एकदाच. माझे नाव छाप. बाबांना वाचता येते तोवर."

त्याने खारी चहात बुडवून तशीच धरली. ती तुटून पेल्यात पडली. "निर्माते?" त्याने विचारले.

"निर्माते गेले खड्ड्यात. मी आता लग्ने लावतो."

पुढच्या रविवारी तो आला आणि डब्यावर बसला नाही. सरळ जाऊन सोफ्यावर बसला, पहिल्यांदाच, पाय जुळवून, कोणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून आल्यासारखा. खिशातून दोन कागद काढले आणि वाचले. त्यात एकाही सिनेमाचे परीक्षण नव्हते. त्यात माझे संपूर्ण नाव होते, वडिलांच्या नावासकट. त्यांची गिरणी होती, तिथले ते काम करत ते खाते होते. जिना होता, त्याच्यामागची बांबूची शिडी होती, वर फळीवर बसलेला हमाल होता. 'हिंदी सिनेमातला प्रत्येक करोडपती या माणसाच्या घरात राहिला,' असे वाक्य होते, 'आणि संध्याकाळी शूटिंग संपल्यावर ते घर पाठीवर घालून हा माणूस आपल्या एका खोलीत परत गेला. त्याचे नाव पाटीवर नसते. ते मी इथे देतो.' पुढे नाव.

मी उभा होतो. वाचून झाल्यावर त्याने कागदांच्या घड्या घातल्या, सोफ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "बघ, रडलो नाही." मी चहाचे पेले विसळायला बाहेर गेलो.

मी घरी सांगितले, शुक्रवारी येतेय. वडिलांनी चष्मा पुसून ठेवला. शुक्रवारी सकाळी गोरेगाव स्टेशनवर जाऊन पेपर घेतला, लेख शोधला. नव्हता. एका सिनेमाचे परीक्षण होते, चौतीस मार्क.

"इलो काय रे?" वडिलांनी विचारले.

"पुढच्या शुक्रवारी, बाबा."

चार शुक्रवार. चौथ्या शुक्रवारी त्यांनी विचारले नाही. मी पेपर बगलेत धरून आत आलो तर त्यांनी तो हातात घेतला, उघडला, सगळे पान बोटाने वरून खाली पाहिले आणि घडी करून उशीखाली ठेवला. म्हणाले, "अक्षर बारीक असता यांचा." अक्षर नेहमीचेच होते. पुढे डोळे गेले आणि वर्षभराने तेही गेले.

मी मास्तरला विचारले तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "मी दिला होता. संपादकांनी घेतला नाही. जागा नव्हती म्हणाले."

"चार आठवडे जागा नव्हती? चौतीस मार्कांना होती?"

"दिला होता," तो पुन्हा म्हणाला.

मी त्याला पोच विचारली नाही. एवढे मला कसे सुचले नाही हे मला सांगता येत नाही. ज्या माणसाने छत्रीची पोच घेतली होती, त्याच्याकडे या कागदाची पोच असणारच, हे लहान मुलालाही कळले असते. पण मी तेव्हा सोफ्याचाही राग काढत होतो. मी म्हणालो, "एकदा फसवलेस ते हुशारीने फसवलेस. या वेळी नुसते खोटे बोलतोस." तो छत्री घेऊन गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मी गोडाऊन आतून बंद करून बसलो. बाहेर तो थोडा वेळ उभा होता, ते पत्र्याखालून दिसत होते. खारीची पुडी दाराशी ठेवून गेला. मी ती आत घेतली नाही.

चार वर्षे आम्ही बोललो नाही. गेल्या महिन्यात तो गेला. अंधेरीच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी तिसऱ्या रांगेत बसलो, सवयीने. संपादक महाशय बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितले की मास्तरची निवडक परीक्षणे ते पुस्तकरूपाने काढत आहेत. मग म्हणाले की या माणसाने मोठमोठ्यांना झोडपले, पण छोट्या माणसाचे नुकसान कधी केले नाही. आणि मग हात छातीवर ठेवून म्हणाले, "त्यांच्या मजकुरातली एक ओळही मी कधी कापली नाही. एकही लेख कधी परत केला नाही." टाळ्या पडल्या. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू. म्हणजे मास्तरने लेख दिलाच नव्हता. मी चार वर्षे बरोबर होतो.

सभा संपल्यावर वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, माझ्याजवळ आल्या.

"भावोजी, घरी या एकदा. तुमचा एक कागद आहे."

"माझा कोणता?"

"ते म्हणायचे, तो स्वतःहून मागायला येईल तेव्हा द्यायचा. तुम्ही काही आला नाहीत."

दुसऱ्या दिवशी गेलो. पत्र्याच्या ट्रंकेत वर्षावार गठ्ठे होते, निळी अक्षरे, सुतळीने बांधलेली. माझा कागद वेगळ्या पाकिटात होता. दोन पाने. माझे नाव, वडिलांचे नाव, गिरणी, शिडी. दुसऱ्या पानाच्या तळाशी समासात हिरव्या शाईत 'मिळाले' असे लिहिलेले आणि खाली सही. शेजारी तारीख, पहिल्या शुक्रवारच्या आधीचा मंगळवार. सही शिपायाची नव्हती. ती सही मी दर आठवड्याला साप्ताहिकाच्या अग्रलेखाखाली छापलेली पाहत आलो आहे.

त्याच्याही खाली मास्तरने मार्क लिहिले होते. ते त्याने मला वाचून दाखवले नव्हते. एक्केचाळीस. सोफ्यापेक्षा एक जास्त.

तेव्हा संपादक महाशय, आता तुमच्याशी बोलतो. मास्तरने मला एकदा फसवले, त्याचा हिशेब मी आणि तो बघून घेऊ. दुसऱ्यांदा तुम्ही फसवलेत. आणि नुसते मला नाही. चार वर्षे मी ज्याला खोटारडा म्हणत फिरलो, तो माणूस तुमच्या नावाची पोच घरात ठेवून गप्प बसला, ती माझ्या तोंडावर मारायला आला नाही, आणि तुम्ही मात्र त्याच्या फोटोला हार घालून सांगितलेत की तुम्ही एकही लेख परत केला नाही. परत केला नाहीत, हे खरे आहे. परत केला असतात तर मी तो हाताने लिहून वडिलांना वाचायला दिला असता. तुम्ही तो ठेवून घेतलात. कुठे ठेवलात? कोणासाठी ठेवलात? जाहिरात देणाऱ्या कोणत्या निर्मात्याला त्या शिडीची लाज वाटली? की सामानवाल्याचे नाव तुमच्या पानाला शोभले नाही?

मला माफी नको. घासाघीस करणार नाही, एकच भाव सांगतो. तो लेख तुमच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापा, मोठ्या अक्षरात, आणि वर लिहा की त्या मंगळवारी तो तुम्हाला मिळाला होता. छापायचा नसेल तर त्या चार शुक्रवारी तो का आला नाही, ते इथेच, पुढच्या अंकात, तुमच्या सहीने सांगा. निळी प्रत माझ्याकडे आहे. उत्तर द्यायला याल तेव्हा मी तिच्यावर तुमची पोच घेईन.